पोटभाड्याने दिलेला शेअर

फ्रीमाँटला राहणाऱ्या भाच्याने गेल्या दिवाळीत, व्हिडिओ कॉलवर लक्ष्मीपूजन दाखवून झाल्यावर, लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवला. एक्सेलची शीट होती. चिप बनवणाऱ्या एका कंपनीचं नाव, त्याखाली महिने, आणि महिन्यांपुढे डॉलरचे आकडे. रकान्याचं नाव ‘रेंट’. मी विचारलं, “शेअर किती आहेत तुझ्याकडे?” तर म्हणाला, “एकही नाही, मामा. दोन वर्षांच्या मुदतीचा कॉल घेऊन ठेवलाय. त्याच्यावर दर महिन्याला छोटे कॉल विकतो. भाडं येतं.”

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. आमच्या मजल्यावर दोन खोल्यांचं एक बिऱ्हाड होतं. खोल्या मालकाच्या, बिऱ्हाड भाडेकरूचं, आणि आतली खोली तिसऱ्याच्याच ताब्यात, म्हणजे पोटभाडेकरूच्या. मालकाला पावतीवर नाममात्र भाडं मिळायचं, पोटभाडेकरू त्याच्या कितीतरी पट मोजायचा. मधल्या माणसाच्या नावावर वीटसुद्धा नव्हती, पण महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यात खुशीत तोच असायचा. भाच्याची शीट पाहताना मला तो आठवला.

अमेरिकेत या प्रकाराला ‘पुअर मॅन्स कव्हर्ड कॉल’ म्हणतात, गरिबाचा कव्हर्ड कॉल. गरीब या शब्दावर हसू येतं, कारण हा गरीब निदान सात-आठ हजार डॉलर घेऊन बाजारात उतरलेला असतो. पण नाव रुळलंय, आणि प्रत्येक रुळलेल्या नावामागे वंशावळ असते. ती शोधायला लागलो तेव्हा एकच प्रश्न धरून मागे गेलो: कॉल विकणाऱ्याच्या पाठीशी काय असतं?

आधी शब्दांचा उलगडा करून टाकू. कॉल म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क. तो घेणारा जी रक्कम आगाऊ मोजतो तो प्रीमियम. जमिनीच्या व्यवहारात आपण विसार देतो, त्याची ही लांबची बहीण. विसार देऊन मागे फिरलात तर समोरचा कोर्टात खेचू शकतो. इथे घेणारा प्रीमियमवर पाणी सोडून खुशाल निघून जातो, बांधला जातो तो फक्त विकणारा. ज्याच्याकडे १०० शेअर आहेत त्याने त्यांच्यावर कॉल विकला तर तो कव्हर्ड कॉल. भाव चढला तर शेअर द्यायचे आणि मोकळं व्हायचं. नाही चढला तर प्रीमियम खिशात.

ऑप्शनचा, म्हणजे अशा हक्कांचा, इतिहास लिहिणारे सगळे थेलीसपासून सुरुवात करतात, त्यामुळे मलाही करावी लागते. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ ग्रंथात सांगितलेली गोष्ट अशी: मायलेटसचा हा तत्त्वज्ञ गरीब म्हणून लोक त्याची टर उडवत. त्याने ताऱ्यांवरून ताडलं की यंदा ऑलिव्हचं पीक भरघोस येणार. भर हिवाळ्यात त्याने मायलेटस आणि कायऑसमधल्या तेलाच्या घाण्यांसाठी थोडेथोडे पैसे आगाऊ देऊन ठेवले. समोर बोली लावणारं कोणी नव्हतं, म्हणून घाणे स्वस्तात मिळाले. हंगाम आला, सगळ्यांना एकदम घाणे हवे झाले, आणि थेलीसने ते मनमानी दराने भाड्याने दिले. मोहोर दिसल्यावर आंब्याची बाग कराराने घेणारा रत्नागिरीचा व्यापारी याहून फार वेगळं काही करत नाही.

माझं लक्ष मात्र त्या घाणेवाल्यांकडे जातं. हिवाळ्यात घाणा बंद, दगड थंड, आणि कोणीतरी येऊन हातावर चार नाणी ठेवतो. फुकटची मिळकतच ही! त्या रात्री मायलेटसच्या किती घरांत ‘बसल्या जागी पैसे आले’ असं बोललं गेलं असेल. ऑप्शन विकून उत्पन्न मिळवणाऱ्यांचे आद्य पुरुष तेच. पाठीशी घाणा होता, म्हणजे आजच्या भाषेत कव्हर्ड. आणि हंगामात आपल्याच घाण्यावर दुसऱ्याने मिळवलेला पैसा त्यांना उभं राहून बघावा लागला. थेलीसचं नाव राहिलं. घाणेवाल्यांपैकी एकाचंही नाव ॲरिस्टॉटल देत नाही.

यानंतरचा ठळक मुक्काम ॲमस्टरडॅमचा. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि तिच्या शेअरभोवती असा बाजार उभा राहिला की आजच्या बाजारातले बहुतेक डाव तिथे खेळून झालेले दिसतात. जोसेफ दे ला वेगा याने १६८८ मध्ये तिथे बसून स्पॅनिशमध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. एक तत्त्वज्ञ, एक व्यापारी आणि एक मुरलेला शेअरवाला यांच्यातले ते संवाद आहेत. ऑप्शनला तिथे ‘ऑप्सी’ म्हणत. त्याच पुस्तकात डुकाटॉन शेअरची हकिगत आहे. कंपनीचा पूर्ण शेअर दर्शनी ३,००० गिल्डरचा. तो सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून शेअरच्या दहाव्या हिश्श्यावर, ३०० गिल्डरवर, सौदे करणारा वेगळाच बाजार तयार झाला. त्यात प्रत्यक्ष शेअर हात बदलत नसत, महिन्याच्या महिन्याला फक्त फरकाचा हिशेब व्हायचा. गरिबाचा शेअर! महाग वस्तू परवडत नसेल तर तिची सावली घेऊन खेळायचं, ही कल्पना भाच्याच्या शीटपेक्षा सव्वातीनशे वर्षांनी तरी मोठी आहे.

लंडनमध्ये कॉलला ‘रिफ्यूझल’ म्हणत. एखाद्याला पहिला नकार देण्याचा मान द्यायचा, त्यातून आलेला शब्द. साउथ सी कंपनीचा फुगा १७२० मध्ये फुटल्यावर सरकार या सगळ्या प्रकारांवर चिडलं आणि सर जॉन बर्नार्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा १७३४ चा कायदा आला. पुट (ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क) आणि रिफ्यूझल दोन्ही बेकायदा झाले. व्यवहार थांबले नाहीत, शब्दावर चालू राहिले, कारण कोर्टात जाता येत नसलं तरी बाजारात तोंड दाखवायचं असतंच. १८६० मध्ये तो कायदा रद्द झाला.

अमेरिकेतला रसेल सेज हा माणूस मात्र थांबून बघण्यासारखा आहे. १८१६ चा जन्म, वाणसामानाच्या दुकानात कारकुनी, मग अमेरिकी काँग्रेसची सदस्यता, मग न्यूयॉर्क. ऑप्शन विकून नियमित पैसा काढणं हा ज्याने धंदा केला तो हाच. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये कर्जावर ७ टक्क्यांहून जास्त व्याज घेणं सावकारी कायद्यात बसत नव्हतं. सेजने पळवाट काढली. गरजू माणसाकडून शेअर विकत घ्यायचे. ते ठरलेल्या भावाने त्याच्याच गळ्यात परत घालण्याचा हक्क, म्हणजे पुट, आपल्याकडे ठेवायचा. आणि ते परत विकत घेण्याचा हक्क, म्हणजे कॉल, त्याला द्यायचा. कागदावर कर्ज कुठेच नाही, खरेदी-विक्री आहे. हे तीन तुकडे जोडले की बरोबर कर्ज होतं, आणि व्याज सेज ठरवेल ते! पुट आणि कॉल यांच्या किमतींमधलं जे नातं पुढे पाठ्यपुस्तकात सूत्र म्हणून आलं, ते या सावकाराच्या टेबलावर आधीच कामाला लागलेलं होतं.

सेजच्या पाठीशी होती रोख रक्कम, आणि ती अफाट होती. तरी १८८४ च्या मे महिन्यात बाजार कोसळला तेव्हा त्याने विकलेले पुट घेऊन लोकांनी त्याचं कार्यालय गाठलं. वर्षानुवर्षं प्रीमियम चिमटीचिमटीने आला होता, आता परतफेड पोत्याने मागितली जात होती. लाखो डॉलरचा फटका बसला. अखेर त्याने देणी चुकवली, पण ते दिवस तो विसरला असेल असं वाटत नाही. त्याच्या मागे पत्नीने १९०७ मध्ये त्याच्या नावाने प्रतिष्ठान काढलं. ते आजही सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसा पुरवतं. सावकाराच्या प्रीमियमवर गरिबीचा अभ्यास चालावा, हा योग कादंबरीकारालाही सुचला नसता.

विसाव्या शतकाची पहिली ७० वर्षं भरभर ओलांडायला हरकत नाही. पॅरिसमध्ये लुई बाशेलिएने १९०० साली ऑप्शनच्या किमतीवर प्रबंध लिहिला आणि तो कित्येक दशकं पडून राहिला. अमेरिकेत १९३४ मध्ये ऑप्शनवर बंदी येता येता टळली. नंतर न्यूयॉर्कमधले मूठभर दलाल फोनवरून आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींतून पुट-कॉल जुळवत राहिले. प्रत्येक करार वेगळा: वेगळी तारीख, वेगळा भाव. घेतलेला कॉल मध्येच विकायचा तर गिऱ्हाईक शोधत फिरावं लागे. विकणारे बहुतेक शेअर बाळगून असलेले धनिक. त्यांच्या वचनावर शेअरबाजाराच्या सदस्य पेढीचा हमीचा शेरा घ्यावा लागे. म्हणजे या काळात पाठीशी शेअर, आणि त्यामागे पेढीची सही.

लांब मुदतीचा हक्क तेव्हाही होताच, फक्त त्याचं नाव वॉरंट होतं आणि तो कंपनी स्वतः काढायची. एडवर्ड थॉर्प आणि शीन कॅसूफ यांनी १९६७ मधल्या ‘बीट द मार्केट’ या पुस्तकात महाग वॉरंट विकून शेअरने त्याला टेकू देण्याची पद्धत सविस्तर मांडली. थॉर्प हा गणिताचा प्राध्यापक, ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून कसिनोला हरवणारा. लांबचा हक्क एका हातात आणि शेअर दुसऱ्या हातात ठेवून दोघांमधला फरक कमावायचा, ही नजर इथून पुढे पसरली.

मग २६ एप्रिल १९७३. शिकागोच्या धान्यबाजाराला, बोर्ड ऑफ ट्रेडला, साठच्या दशकाच्या अखेरीस धंदा मंदावल्यामुळे नवं काहीतरी हवं होतं. गहू-मक्याचे सौदे करणाऱ्या या मंडळींनी शेअरच्या ऑप्शनचा वेगळा बाजार काढला, शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंज. जागा म्हणजे सौद्यांच्या दालनाला लागून असलेली धूम्रपानाची खोली. पहिल्या दिवशी १६ कंपन्यांचे कॉल मिळत होते, पुट नव्हतेच. दिवसभरात ९११ करार झाले. त्याच उन्हाळ्यात फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचं ऑप्शनच्या किमतीचं सूत्र छापून आलं. आधी ते मासिकांनी नाकारलं होतं. ब्लॅक पुढे किमतींचे छापील तक्ते वर्गणीने विकायचा, आणि दालनातले व्यापारी ते खिशात घालून सौदे करायचे.

पण माझ्या मते १९७३ चा खरा शोध सूत्राचा नाही, समाशोधन संस्थेचा आहे. कॉल कोणी विकला हे घेणाऱ्याला कळायची गरजच उरली नाही. मधे एक संस्था उभी राहिली: तुझा विकणाराही मीच, आणि त्याचा घेणाराही मीच. तारखा ठरलेल्या, भाव ठरलेले, करार १०० शेअरचा. त्यामुळे घेतलेला कॉल दुपारी विकता येऊ लागला, विकलेला कॉल संध्याकाळी परत घेता येऊ लागला. आणि विकणाऱ्याच्या पाठीशी काय आहे, हा प्रश्न माणसाकडून नियमावलीकडे गेला. शेअर ठेव, किंवा रोख ठेव, किंवा दुसरा कॉल ठेव. आम्ही मोजतो.

पहिल्या सोळांत झेरॉक्स आणि पोलरॉइड होत्या. त्या काळच्या या तंत्रज्ञानाच्या लाडक्या कंपन्या. कधी विकायच्याच नाहीत अशा समजल्या जाणाऱ्या ‘निफ्टी फिफ्टी’ यादीतल्या. ज्यांनी त्या वर्षी पोलरॉइड घेऊन त्यावर कॉल विकायला सुरुवात केली त्यांना प्रीमियम व्यवस्थित मिळाला. फक्त १९७४ संपेपर्यंत पोलरॉइडचा शेअर आपल्या शिखराच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली जाऊन आला होता. झेरॉक्स निम्म्याहून कितीतरी जास्त घसरला. भाडं वेळेवर येत होतं आणि इमारत खचत होती.

सुरुवातीला मुदत जास्तीत जास्त नऊ महिन्यांची असे. १९९० मध्ये शिकागोने ‘लीप्स’ आणले: दोन वर्षांचे आणि पुढे जवळजवळ तीन वर्षांपर्यंतचे ऑप्शन, बहुतेक जानेवारीत संपणारे. इंग्रजी लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून उडी या अर्थाचा शब्द बनवलेला. जाहिरात करणाऱ्याला दाद द्यायला हवी. वॉरंटमध्ये जे कंपनीच्या मर्जीवर मिळायचं ते आता कोणत्याही मोठ्या शेअरवर बाजारातून मिळू लागलं. लांबचा कॉल हातात असला की नियमावली म्हणते: तुझ्याकडे शेअर घेण्याचा हक्क आहे, मग त्याहून वरच्या भावाचा, आधी संपणारा कॉल तू विकू शकतोस. मालकाऐवजी लांब मुदतीचा भाडेकरू आला, आणि त्याला पोटभाडेकरू ठेवायची परवानगी मिळाली.

याला गिऱ्हाईक मिळालं ते मुख्यतः तंत्रज्ञानाच्या शेअरांवर, आणि त्याला साधी कारणं आहेत. करार १०० शेअरचा. २०२४ च्या जूनमध्ये विभाजन होण्याआधी एनव्हिडियाचा एक शेअर १,२०० डॉलरच्या घरात होता, म्हणजे एका कव्हर्ड कॉलसाठी जवळजवळ सव्वा लाख डॉलर अडकवायचे. ॲल्फाबेट २०२२ पर्यंत २,००० च्या वर. दुसरं, लांबचा कॉल बाळगणाऱ्याला लाभांश मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने पहिला लाभांश २००३ मध्ये दिला, ॲल्फाबेटने २०२४ मध्ये, ॲमेझॉनने अजून दिलेला नाही. जे मिळतच नव्हतं ते बुडण्याचं दुःख काय! आणि तिसरं, या शेअरांचे भाव उड्या मारतात, त्यामुळे महिन्याच्या कॉललाही जाड प्रीमियम येतो. २०१० नंतर एकेका शेअरवर आठवड्याचे ऑप्शनही मिळू लागले, आणि भाडं महिन्याऐवजी दर शुक्रवारी वसूल करता येऊ लागलं.

आता भाच्याच्या शीटकडे येतो. आकडे सोपे करून घेतलेत. शेअरचा भाव २०० डॉलर धरा. १०० शेअर घ्यायला २०,००० लागले असते. त्याऐवजी दोन वर्षं मुदतीचा, १४० भावाचा कॉल ७६ डॉलरने घेतला: ७,६०० लागले. त्यातले ६० डॉलर म्हणजे आजच दिसणारा फायदा, २०० उणे १४०. वरचे १६ ही मुदतीची किंमत. मग एक महिन्याचा, २१५ भावाचा कॉल ३ डॉलरने विकला: ३०० हातात. ७,६०० वर ३००, महिन्याला जवळजवळ ४ टक्के. बारा महिने असंच चाललं तर ३,६००. इथे माणसाचे डोळे विस्फारतात. कुठल्याही पतपेढीच्या फलकावर हा दर लागलेला दिसला तर आपण आधी पोलिसांत जाऊ.

भाव चढला तर काय, हे सगळे विचारतात. समजा शेअर २६० झाला. विकलेला कॉल ४५ डॉलर मागतो, पण लांबचा कॉल १२० च्या वर गेलेला असतो. दोन्ही सोडवले की थोडा फायदा हातात राहतो. शेअर असता तर ६० डॉलर मिळाले असते, इथे त्यातला छोटा तुकडा. घाणेवाल्याचं दुःख, पण सोसता येण्यासारखं.

भाव पडला तर काय, हे कोणी विचारत नाही. तीन महिन्यांचे ९०० डॉलर खिशात आलेत आणि शेअर १३० वर आला. शेअरवाल्याचं ३५ टक्के नुकसान. लांबच्या कॉलची किंमत ७६ वरून साधारण २५ वर आलेली असते, म्हणजे दोन तृतीयांश भांडवल साफ. आता २१५ चा कॉल कोणी ५ सेंटलाही घेत नाही. भाड्याची सवय लागलेला माणूस काय करतो? खालचा भाव निवडतो. १४५ चा कॉल ३ डॉलरने विकतो. आणि अशा शेअरांची खोड अशी, की ते पडतात तसे उसळतात. महिन्याअखेर शेअर १८० वर. १४५ चा कॉल ३५ डॉलर मागतो. लांबचा कॉल सावरून ५८ च्या आसपास आलेला. सगळं मिटवलं तर ५८ उणे ३५, अधिक चार वेळचा १२ डॉलर प्रीमियम: ३५. घातले होते ७६. शेअर १० टक्के खाली आणि याचं अर्ध्याहून जास्त भांडवल गेलं, चारही महिने ‘रेंट’च्या रकान्यात ३०० लिहिलेले असूनसुद्धा.

ब्रोकरचे नियम याबाबत नावापेक्षा प्रामाणिक आहेत. तिथे याला कव्हर्ड कॉल मानतच नाहीत. दोन वेगळ्या तारखांचा, दोन वेगळ्या भावांचा स्प्रेड, म्हणजे एक घेतलेला आणि एक विकलेला कॉल यांची जोडी, म्हणून नोंदवतात आणि त्यासाठी वरच्या पायरीची परवानगी लागते. भाच्याने फॉर्म भरताना ‘अनुभव’ या रकान्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

या वंशावळीतली नवी पिढी म्हणजे फंड. कव्हर्ड कॉलवर निर्देशांक २००२ मध्येच आला होता, तो रॉबर्ट व्हेली यांनी शिकागो एक्स्चेंजसाठी बांधला. निर्देशांक आला की फंड येतातच. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये टेस्ला या एकाच शेअरवर असा फंड निघाला. पाठीशी टेस्लाचे शेअर नाहीत, पुट आणि कॉल जोडून त्यांची प्रतिकृती केलेली, आणि तिच्यावर कॉल विकून वाटप. सेजच्या टेबलावरचे तेच तुकडे, फक्त भाडं घ्यायला आता लाखो लोक. वाटप डोळे दिपवणारं होतं. युनिटची किंमत मात्र अशी झिजली की २०२४ च्या फेब्रुवारीत दोन युनिटांचं एक करावं लागलं.

आपल्याकडे या वंशाची एक शाखा होती हे फार जणांना ठाऊक नसतं. १९५६ च्या रोखे करार कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना पुट आणि कॉल या शब्दांच्या आधी चार देशी शब्द येतात: तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली. कायदा इंग्रजीत, तरी हे शब्द तसेच, कारण मुंबईच्या बाजारात हेच चालायचे. तेजी म्हणजे कॉल, मंदी म्हणजे पुट. त्याच कायद्याच्या विसाव्या कलमाने ते बेकायदा ठरवले, आणि १९९५ मध्ये ती बंदी उठली. २००१ च्या जुलैत शेअरवरचे ऑप्शन पुन्हा कायदेशीरपणे सुरू झाले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी कॉल-पुट होतं, तेजी-मंदी फक्त बातम्यांच्या मथळ्यात उरली होती. कायद्याच्या व्याख्येत मात्र ‘गल्ली’ अजून आहे. दलाल स्ट्रीटवर उभं राहून तरुण ट्रेडरला तिचा अर्थ विचारा, तो रस्ता दाखवेल.

भाच्याचा डाव इथे जमत नाही. आपल्या बाजारात इन्फोसिस काय किंवा टीसीएस काय, एकेका शेअरवरचे ऑप्शन तीन महिन्यांपलीकडे मिळत नाहीत. पोटभाडेकरू ठेवायला आधी लांबचा भाडेकरार लागतो, तोच नाही. आणि इथून डॉलर पाठवून तिथे करावं म्हटलं तर रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेत परदेशी एक्स्चेंजच्या मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यापोटी ठेवायच्या तारणासाठी, पैसे पाठवायला मनाई आहे. शिकवणीवर्गाच्या जाहिरातीत कोणी ‘अमेरिकन शेअरवर घरबसल्या मासिक भाडं’ असं म्हणत असेल तर त्याला हा नियम विचारा. इथले आकडेही माहीत असू द्या: सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, मागच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. तो माझ्यापेक्षा गणितात हुशार आहे, आणि त्याने ७,६०० डॉलर बुडाले तरी चुलीवर परिणाम होणार नाही एवढीच रक्कम लावलीय. एक विनंती मात्र केली: रेंटच्या शेजारी आणखी एक रकाना कर, आणि दर शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर लांबच्या कॉलचा त्या दिवशीचा भाव तिथे लिही. संक्रांतीला फोन आला तेव्हा त्याने आपणहून पडदा वळवला. रकाना केलेला होता. त्यातली शेवटची नोंद ५२ होती.